लई शहाणं लेकरू

दिवाळीनंतर आमच्या गावात एखाद्या लेकराला ‘आई-बाबा कुठं आहेत?’ असं विचारलं, तर ठरलेलं उत्तर येतं: ‘कारखान्याला गेलेत.’ कोणता कारखाना, किती लांब, परत कधी येणार, हे सहसा कुणी पुढं विचारत नाही आणि लेकरूही सांगत बसत नाही. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात हे इतकं नेहमीचं झालंय की त्यात कुणाला सांगण्यासारखं काही वाटतच नाही. ऑक्टोबरच्या अखेरीला, नाहीतर नोव्हेंबरात साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि बहुतेकदा खर्चूनही झालेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरल्या जातात: ताडपत्री, बांबू, बाजरीचं पोतं, भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि अंगावर पिणारं मूल. त्याच्याहून मोठी भावंडं एक तर बरोबर जातात, नाहीतर आजीजवळ राहतात. मार्च-एप्रिलात पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, हे असंच.

मी इथल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मूळची सांगलीकडची. लहानपणी आमच्या रानाच्या कडेला दरवर्षी ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहायच्या, सकाळी धुक्यात त्यांच्या चुलींचा धूर दिसायचा. त्या कोप्यांतली मुलं आमच्या विहिरीवर पाण्याला यायची. त्यांची आणखी भावंडं 300 किलोमीटर मागं राहिली असतील, असा विचार आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आल्याचं मला आठवत नाही. नोकरी लागली आणि मी बरोबर त्या मागं राहिलेल्यांच्या वर्गात येऊन उभी राहिले.

या मुलांच्या कौतुकाचं एक वाक्य गावात सारखं कानावर पडतं. ‘लई शहाणं लेकरू. माय गेली तरी रडलं न्हाई.’ आजी म्हणते, शेजारीण म्हणते, ऑफिसात चहा पिताना आम्ही शिक्षकही म्हणतो. ट्रॉली हलली तेव्हा त्याच लेकराला दोघांनी धरून ठेवलं होतं, हे तोवर सगळे विसरलेले असतात. पहिले चार-सहा दिवस ते फाट्यापर्यंत पळत जातं. ताट ढकलून देतं. आजीला चावतं. रात्री अंथरूण ओलं करतं. मग हळूहळू गप्प होत जातं. बोलावलं तर येतं, सांगितलं तेवढं करतं, खेळात घेतलं तर खेळतं आणि नाही घेतलं तर भिंतीला टेकून बघत बसतं. महिन्याभरात सगळे हुश्श करतात, ‘रुळलं बाई एकदाचं.’

मला या शहाणपणाची भीती वाटते.

अशा रुळलेल्या मुलांकडे ज्यानं नीट निरखून पाहिलं, तो माणूस सुरुवातीला बॉयलर सांभाळायच्या कामावर होता. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी बालमनोविश्लेषकांनी हॅम्पस्टेड भागात आई-बापांपासून तुटलेल्या मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली. तिथं जेम्स रॉबर्टसन नावाचा एक स्कॉटिश तरुण बॉयलर आणि किरकोळ दुरुस्त्या बघत असे. पाळणाघराचा दंडक असा होता की काम कुठलंही असो, मुलांबद्दल जे दिसेल ते प्रत्येकानं कार्डावर लिहून ठेवायचं. बॉयलर बघणाऱ्यानंही. रॉबर्टसनला बघायची सवय लागली ती तिथं.

युद्ध संपल्यावर तो जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर काम करू लागला आणि इस्पितळांमधल्या मुलांच्या वॉर्डात जाऊन बसू लागला. आई-बापांना तेव्हा आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी थोडा वेळ भेटता येई, काही ठिकाणी तेवढंही नाही. त्यामागचं कारण आमच्या गावातही कुणालाही पटेल असं होतं: आई येऊन गेली की मूल रडून वॉर्ड डोक्यावर घेतं, आली नाही की शांत असतं. मग कशाला यायचं? ही शांतता डॉक्टरांना आणि नर्सना बरी झाल्याची खूण वाटे. रॉबर्टसनला तिच्याआधीचे आणि नंतरचे टप्पे दिसले. मूल आधी आकांत करतं. मग खचतं. आणि शेवटी मन काढून घेतं. या शेवटच्या टप्प्यातलं मूल खातं, हसतं, कुठल्याही नर्सच्या कडेवर जातं. आई भेटायला आली की तेवढं तिच्याकडे बघत नाही. 1952 मध्ये त्यानं इस्पितळात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण करून ते डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा अनेक जण त्याच्यावर भडकले. वारं फिरायला काही वर्षं गेली. 1959 मध्ये तिकडच्या सरकारी प्लॅट समितीनं मुलांच्या वॉर्डात आई-बापांना मोकळेपणानं येऊ द्यावं अशी शिफारस केली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पाडव्याच्या सुमाराचं आमचं गाव डोळ्यांपुढं होतं. ट्रॉल्या परत येतात. बायका उतरतात त्या रापून, वाळून, हातांना पाचटाचे चरे पडलेल्या. तिसऱ्या वर्षात लागलेलं एक पोर आजीच्या लुगड्यामागं दडतं. आई बिस्किटाचा पुडा दाखवते, पोर पुडा घेतं आणि परत आजीच्या मागं. ‘मला वळखंना झालंय,’ असं ती हसत हसत सगळ्यांना सांगत असते. तिच्या पाठीमागं पुन्हा चार बाया हसतात, ‘आता आजीलाच आय म्हणतंय ते!’ या थट्टेत कुणाचं वाईट चिंतन नसतं. पण त्या बाईनं साडेचार-पाच महिने थंडीत पहाटे उठून मोळ्या बांधल्यात त्या याच पोरासाठी, असं ती स्वतःला सांगत आलेली असते. एकीनं मला विचारलं होतं, ‘मॅडम, हे असं किती दिस ऱ्हाईल?’ मी म्हटलं, त्याला तुमच्यावर रागवू द्या. मागं मागं येऊन त्रास देईल, मारेल, सोडणार नाही, तेव्हा समजा की ते परत आलं. चिडलेलं पोर अजून आपल्याला धरून असतं. ज्याला काहीच वाटत नाही, त्याची काळजी जास्त.

आता इथं लंडन आणि बालाघाट यांच्यात एक मोठा फरक आहे आणि तो आजीचा आहे. तिकडच्या वॉर्डातल्या मुलाला पाळीपाळीनं बदलणाऱ्या नर्स होत्या. आमच्याकडे मागं राहिलेल्या मुलाला एक पक्कं माणूस असतं. म्हातारं असेल, मोतीबिंदूनं कमी दिसत असेल, पण रात्री कुशीत घेणारं तेच आणि सकाळी उठवणारंही तेच. मूल जीव लावतं ते असं रोज हजर असणाऱ्या माणसाला, मग नातं काही असो. बोल्बीलाही हे स्वतःवरून माहीत होतं. तो बड्या घरातला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आई दिवसातून तासभर भेटायची, वाढवलं ते मिनी नावाच्या दाईनं. तो चार वर्षांचा होण्याच्या सुमारास मिनी काम सोडून गेली. आई घरातच होती, तरी मिनीचं जाणं हे आपल्याला आई गेल्यासारखं झालं, असं त्यानं पुढं सांगून ठेवलं आहे.

म्हणून आमच्याकडे हंगामाच्या मध्यात आजी वारली की माझ्या पोटात गोळा येतो. दुसरीतल्या एका मुलाची आजी अशीच जानेवारीत गेली. आई-बाप कोल्हापूरकडून रातोरात आले. दिवस उरकले आणि चौथ्या-पाचव्या दिवशी परत निघाले, कारण खाडा पडत होता आणि उचल फिटायची होती. पोराला चुलत्याच्या घरी ठेवलं. येणारा-जाणारा म्हणत होता, म्हातारीचं सोनं झालं, पोरंनातवंडं बघून गेली. सगळं खरं. पण त्या पोराला जन्मापासून दर हिवाळ्यात सांभाळणारी बाई गेली होती आणि त्याच आठवड्यात आईही पुन्हा गेली. त्याचं सांत्वन करायचं कुणाला सुचलं नाही, कारण गावाच्या लेखी ते सुतक त्याच्या बापाचं होतं. चुलती भली बाई. ‘काही त्रास नाही त्याचा, ताट वाढलं की जेवतो, आपलं आपण झोपतो,’ असं मला सांगायची. वर्गात तो गणितं बरोबर सोडवायचा. त्याचं दुखणं पोटात उतरलं होतं. रोज दुपारची सुट्टी झाली की पोट दुखायचं. आरोग्य केंद्रात जंताची गोळी दिली, मग दुसरी कसली दिली. आमच्या स्वयंपाकीणकाकू त्याला खिचडीच्या पातेल्याजवळ बसवून घ्यायला लागल्या. ‘माझ्याजवळ बस, वाटाणे निवड.’ काही विचारणं नाही, समजावणं नाही. रोज तीच जागा, तेच पातेलं, त्याच काकू. होळीच्या आसपास एक दिवस तो वाटाणे निवडता निवडता ओक्साबोक्शी रडला आणि काकू घाबरून मला बोलवायला आल्या. पोटदुखी तिथून कमी होत गेली.

मुलांचा आघात म्हटला की आपल्याला भूकंप, दंगल, अपघात आठवतो. तसलेही असतात. उसाच्या फडावर गेलेल्या मुलांनी ट्रॉलीखालचे, विहिरीतले, चुलीच्या भडक्यातले अपघात पाहिलेले असतात आणि एप्रिलात तीच मुलं येऊन वर्गात मुकाट बसतात. पण पुष्कळ मुलांच्या बाबतीत डोळ्यांत भरेल असं काहीच घडलेलं नसतं. दर वर्षी, त्याच सुमाराला, घरातली दोन माणसं उठून जातात, एवढंच. असं दर वर्षी तुटणाऱ्या मुलाचं शरीर नवरात्रापासूनच सावध व्हायला लागतं. झोप उडते, नखं कुरतडली जातात, लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला की मान वळते. पाटीवर लक्ष नाही म्हणून आपण ओरडतो. त्याचं लक्ष असतं, फक्त ते रस्त्यावर असतं.

मुलं हे सगळं ज्या आधारावर सोसतात तो म्हणजे परत येण्याचा ठरलेला दिवस. 2020 मध्ये तोच कोसळला. त्या वर्षी पुष्कळ आयांनी पोरांना ‘पाडव्याला घरी’ असं सांगितलं होतं. पाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. लाखाच्या वर ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारात, फडांच्या कडेला अडकले. त्यांना घरी जाऊ देण्याचा सरकारी निर्णय 17 एप्रिलला झाला. शाळा बंद होती, पण उरलेला पोषण आहाराचा तांदूळ वाटायला आम्ही घरोघरी जात होतो. ‘मॅडम, पाडवा झाला का?’ असं मला एका पहिलीतल्या मुलीनं विचारलं. आजीनं तिला नाही म्हणून सांगितलं होतं. गुढी उभारलीच नव्हती, म्हणजे पाडवा झालाच नाही. पुढं ट्रॉल्या आल्या त्या गावाबाहेर थांबल्या. माणसं रानातच राहिली. बांधाच्या अलीकडे मुलगी आणि पलीकडे आई, आणि आई ओरडतेय, ‘जवळ येऊ नगं!’ आजाराचं कारण सहा वर्षांच्या मुलीला किती कळणार? तिनं तेवढं वाक्य घेतलं. नंतर कितीतरी दिवस ती रात्री आईच्या पदराला आपल्या फ्रॉकची गाठ मारून झोपायची, असं तिची आईच मला सांगत होती.

मुली मोठ्या व्हायला लागल्या की गोष्ट आणखी अवघड होते. बारा-तेरा वर्षांची मुलगी ही घरची दुसरी आई असते. धाकट्याला शाळेत आणते, आजीची गोळी लक्षात ठेवते, भाकरी थापून मग दप्तर भरते. तिच्या शहाणपणाचं तर काय कौतुक! आणि मग याच शहाण्या मुलीला आजीच्या भरवशावर ठेवायला आई-बापांना धास्ती वाटते, फडावर न्यायलाही वाटते. लग्न हा त्यातला स्वस्त उपाय. शिवाय ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. म्हणजे सून आली की कोयता पुरा झाला. बीड जिल्ह्यात अठराच्या आत लग्न झालेल्या तरुण मुलींचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 40 टक्क्यांच्या वर निघालं, राज्याची सरासरी साधारण 22 असताना. आठवीतून गेलेली माझी एक विद्यार्थिनी दोन वर्षांनी बाळ घेऊन भेटली. बाळ छान होतं. ती मला म्हणाली, ‘ह्याला मी ठेवून जाणार न्हाई.’ मग नेणार कुठं, तर कोपीत. तिच्या मनात तिसरा पर्याय नव्हताच.

दर वर्षी स्पर्धा परीक्षांचे निकाल लागले की एक बातमी हमखास येते. ऊसतोड मजुराचा मुलगा फौजदार झाला. फोटोत पेढा, फेटा, आई-बापांचे ओले डोळे. मलाही आनंद होतो, त्यातली काही मुलं ओळखीची असतात. पण वार्ताहर नेमका एक प्रश्न विचारत नाही. कंदील किती वाजेपर्यंत जळत होता ते विचारतो, अनवाणी किती चालला ते विचारतो. तुझ्याजवळ कोण होतं, ते विचारत नाही. आमच्या शाळेतून निघून पोलीस भरतीत लागलेल्या एका मुलाचं सगळं श्रेय लोकांनी त्याच्या जिद्दीला दिलं. तो स्वतः सांगतो ते वेगळं आहे. त्याची एक आत्या होती, नवऱ्यानं टाकलेली, माहेरी राहणारी. ती रोज संध्याकाळी शाळेच्या फाटकापाशी उभी असायची. पाऊस असो, काही असो. बस्स, एवढंच. शिकलेली नव्हती, अभ्यास घ्यायची नाही.

हवाईतल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांवर एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलं चाळिशीला येईपर्यंत नजर ठेवली. गंमत म्हणजे तिथंही ऊसच होता. त्यांतल्या कितीतरी मुलांचे आई-बाप मळ्यांवर मजुरी करणारे. साधारण तिसरा हिस्सा मुलं गरिबी, घरातली भांडणं, दारू, आई-बापांचे मनोविकार अशा बऱ्याच गोष्टींच्या एकत्र कचाट्यात सापडलेली होती. त्यातलीही जवळपास तिसरा हिस्सा मुलं नीट, प्रेमळ, कर्तीसवरती माणसं झाली. ती कशी तगली, हे शोधताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढं आली: लहानपणी त्यांना निदान एक तरी भरवशाचं, त्यांना जीव लावणारं माणूस होतं. आई-बापच असं नाही. आजी-आजोबा, मावशी, शेजारी, शिक्षक. मला वाटतं आमच्या त्या भरतीत लागलेल्या मुलाच्या कौतुकात त्या आत्याचा फोटो मोठा हवा होता. बाकीची मुलं जिद्दीत कमी पडली असं म्हणून आपण मोकळे होतो, पण त्यांच्या फाटकापाशी कुणी उभं होतं का, हे कुणी बघितलेलं नसतं.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. हंगामी वसतिगृहं कितीतरी वर्षं चालू आहेत: आई-बाप बाहेर असेपर्यंत गावातच मुलांच्या जेवणाखाण्याची सोय. त्यामुळे गळती कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत मुलामुलींची मिळून 82 वसतिगृहं मंजूर झाली. मी या सगळ्याच्या बाजूनं आहे. पोटात अन्न नसताना मायेच्या गप्पा मारू नयेत. पण वसतिगृह कोणतंही असो, तपासणीला येणारे खाटा मोजतात, ताटं मोजतात, शौचालयं मोजतात. मुलांना झोपवणारी बाई मागच्या वर्षीचीच आहे की नवीन, या रकान्याचा तक्ता मी अजून पाहिलेला नाही. कंत्राट अकरा महिन्यांचं, पगार लांबलेला, मग ती जाणारच. तिनं जीव लावला असेल तर मुलांना आणखी एक माणूस गेलं. वाढदिवसाचा केक घेऊन शहरातून येणारे, फोटो काढून ‘परत येऊ हं’ म्हणणारे यांच्याबद्दल मी बोलणार नाही, मला उगाच राग येतो.

हॅम्पस्टेडच्या पाळणाघरातही सुरुवातीला सगळ्या बायांनी मिळून सगळ्या मुलांचं करायचं अशीच पद्धत होती. मग त्या दोघींनी ती मोडली. चार-पाच मुलं आणि त्यांची एक ठरलेली बाई, अशी छोटी छोटी कुटुंबं पाडली. पहिल्यांदा झाला तो गोंधळ. इतके दिवस गुण्यागोविंदानं राहणारी मुलं आपापल्या बाईसाठी एकमेकांना मारायला, ओरबाडायला लागली, ती खोलीबाहेर गेली तरी हंबरडा फोडायला लागली. आणि त्या मागोमाग वाढीत मागं पडलेली मुलं भराभर बोलायला, शिकायला लागली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की चांगलं चाललेलं बिघडवलं.

आम्हीही गेल्या दोन हंगामांपासून आमच्यापुरतं एक करतोय. संध्याकाळच्या जेवणाला येणारी मुलं वाटून घेतलीत. काकूंची पाच, शाळा समितीतल्या एका ताईंची पाच, माझी पाच, एका निवृत्त गुरुजींची चार. ज्याची मुलं त्यानं त्यांच्याशेजारी जेवायला बसायचं, त्यांच्या आई-बापांना फोन लावून द्यायचा. फोनचा वार पक्का. रेंज नाही मिळाली तर उद्या लावू असं नुसतं म्हणायचं नाही, उद्या लावायचाच. एवढंसं आहे, पण पाळायला जड जातं. गुरुजींना जावयाकडे जायचं असतं, मला मीटिंग असते.

माझ्या पाचातली एक चौथीतली मुलगी पहिल्या हंगामात गावातली सगळ्यात शहाणी म्हणून नावाजलेली होती. तिनं या डिसेंबरात पाटीवरून दुसरीशी झोंबाझोंबी केली, माझी वही फाडली, आणि फोनवर आईला ‘तू येऊच नको’ असं ओरडून सांगितलं आणि मग फोन सोडायलाच तयार होईना. दुसऱ्या दिवशी तिची आजी शाळेत आली. पोरगी तुम्ही लाडावून ठेवली, पहिली गप गुमान असायची, आता घरात तोंड मिटत नाही, मायेला बोलवा म्हणून रात्रभर रडती. मी म्हटलं, ‘आज्जी, रडू द्या तिला. बरंय ते.’

‘तुमाला काय जातंय म्हणायला,’ आजी म्हणाली, ‘रातचं डोकं माझं उठतंय.’ आणि तिच्यासाठी खिचडी डब्यात भरून मागितली.